१५, ३०, ४५ अंश : शिष्टाचाराची पुस्तिका म्हणजे डेटा नव्हे

माझी एक मैत्रीण जपानमधल्या हॉटेलात नोकरी मिळावी म्हणून तयारी करते आहे. परवा तिनं तिच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतलं एक पान दाखवलं. पानावर बाजूनं काढलेली तीन माणसं, आणि तिघांच्याही कमरेपाशी कोनमापक ठेवल्यासारखी रेघ. पहिला माणूस १५ अंश वाकलाय. त्याखाली ‘एशाकु’, म्हणजे येताजाता पाहुणा समोर आला तर. दुसरा ३० अंश, ‘केइरेइ’, स्वागत करताना. तिसरा ४५ अंश, ‘साइकेइरेइ’, माफी मागताना किंवा अगदी मनापासून आभार मानताना. खाली सूचना: आधी बोला, मग वाका. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर तुमचं ‘या’ पाहुण्याऐवजी जमिनीला ऐकू जाईल. (हे शेवटचं वाक्य माझं, पण आशय तोच.)

मैत्रीण म्हणाली, “तू एम.एस्सी. केलंयस ना? मग सांग, ३० आणि ३५ अंशांमधला फरक पाहुण्याला कळतो का?”

मला उत्तर येत नव्हतं. दोन दिवस डोक्यात तेच घोळत राहिलं, आणि लक्षात आलं की जपानी विनयशीलतेवरच्या संशोधनाला नेमका हाच प्रश्न विचारायला हवा. तुमच्यापैकी जे भाषाशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, झालंच तर संगणकीय भाषाप्रक्रिया यांत पीएच.डी.ची तयारी करताय आणि ज्यांना ‘जपानी लोक किती नम्र’ हा विषय हातात तयार मिळाल्यासारखा वाटतो, त्यांनी हा लेख जरा सावकाश वाचावा.

आधी त्या आकड्यांबद्दल. आकडा दिसला की विज्ञान शाखेतल्या माणसाचा चटकन विश्वास बसतो. ‘खूप वाका’ असं लिहिलं असतं तर आपण हसलो असतो. ‘४५ अंश’ लिहिलं की वाटतं, कुणीतरी मोजलं असणार. पण हा आकडा मोजून आलेला नाही, तो ठरवून दिलेला आहे. हायवेवर ‘वेगमर्यादा ८०’ अशी पाटी असते. ती वाचून ‘या रस्त्यावर गाड्यांचा सरासरी वेग ८० आहे’ असं कुणी पेपरात लिहील का? नाही. तसं लिहायचं तर रस्त्याकडेला उभं राहून वेग मोजावा लागतो. पाटीवरून फक्त एवढंच कळतं की कुणाला तरी वेगावर नियंत्रण हवंय. शिष्टाचाराची पुस्तिका म्हणजे अशी पाटी. भाषेच्या अभ्यासात मात्र पाटीलाच मोजमाप समजण्याची चूक सर्रास होते. नावाजलेल्या संशोधनातही तिचा वास येतो, आणि ती मी स्वतःही केली आहे.

पुस्तिकेत काय असतं ते आधी बघू, कारण टीका करायची तर माल नीट उघडून दाखवला पाहिजे.

पहिल्या पानांवर ‘आदरातिथ्याचे सात मोठे शब्दप्रयोग’ असतात. इराश्शाइमासे (या), काशिकोमारिमाशिता (आज्ञा समजली), शोओशोओ ओमाची कुदासाइमासे (क्षणभर थांबावं), ओमातासे इताशिमाशिता (आपल्याला थांबवलं), मोओशिवाके गोझाइमासेन (माफीला जागाच नाही), ओसोरेइरिमासु (उपकृत आहे, संकोच वाटतो, असं दोन्ही मिळून) आणि आरिगातोओ गोझाइमाशिता (आभारी आहोत). हे सातच का? दुसरी पुस्तिका उघडलीत तर पाच भेटतील, तिसरीत आठ. पण प्रत्येक पुस्तिका ते असं मांडते, जणू संख्या कुठंतरी दगडावर कोरलेली आहे. अनेक ठिकाणी दिवस सुरू होण्यापूर्वी सगळे कर्मचारी एका रांगेत उभे राहून हे शब्द एका सुरात म्हणतात. शाळेतल्या प्रार्थनेसारखंच.

यातलं ‘इराश्शाइमासे’ फार मजेशीर आहे. व्याकरणानं ते ‘येणे’ याचं आदरार्थी आज्ञार्थ रूप, म्हणजे आपल्या दुकानदाराच्या ‘या, या ताई’चा सख्खा भाऊ. पण आपल्याकडे ‘या ताई’ म्हटल्यावर ताईंनी काहीतरी बोलायचं असतं, निदान ‘बघते हं नुसतं’ एवढं तरी. जपानमध्ये ‘इराश्शाइमासे’ला उत्तर द्यायचं नसतं. पहिल्यांदा गेलेला परदेशी माणूस हसून ‘कोन्निचिवा’ म्हणतो. त्यात वाईट काहीच नाही, पण तशी अपेक्षा कुणाची नव्हती. एक बाजू बोलते, दुसरी बाजू ऐकल्यासारखंही दाखवत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

अजून एक गंमत. हॉटेल आणि उपाहारगृहांच्या धंद्यात पुष्कळ ठिकाणी संध्याकाळच्या पाळीला येणारा माणूसही सहकाऱ्यांना ‘ओहायोओ गोझाइमासु’, म्हणजे सुप्रभात, म्हणतो. घड्याळाशी त्याचा संबंध नाही. त्या दिवशीची ती पहिली भेट, एवढाच अर्थ.

आता पुस्तिकेतला सगळ्यात वाचनीय भाग: काय बोलू नये. पार्टटाइम काम करणाऱ्या पोरांच्या तोंडी बसलेल्या आदरार्थी भाषेला जपानीत ‘बाइतो केइगो’ असं किंचित हेटाळणीचं नाव आहे. केइगो म्हणजे आदराची भाषा, बाइतो म्हणजे पार्टटाइम काम. तिच्यातले चार प्रयोग जवळपास प्रत्येक पुस्तिकेत लाल फुलीसकट सापडतात.

एक. ऑर्डर घेताना ‘योरोशिकात्ता देशोओ का’, म्हणजे ‘हे बरोबर होतं ना?’ पुस्तिका म्हणते: पाहुण्यानं आत्ताच सांगितलंय, मग भूतकाळ कशाला?

दोन. कॉफी ठेवताना ‘कोओही नि नारिमासु’, शब्दशः ‘ही कॉफी होते’. पुस्तिका विचारते: आत्तापर्यंत काय चहा होता?

तीन. ‘कोओही नो होओ’, म्हणजे ‘कॉफीची बाजू’. पुस्तिका: दुसरी बाजू कुठली?

चार. पैसे घेताना ‘सेन येन कारा ओआझुकारी शिमासु’, ‘हजार येनपासून ठेवून घेते’. पुस्तिका: हजार येन ठेवून घ्यायचे, ‘पासून’ कशाला?

ही टीका ऐकायला खुसखुशीत आहे, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकली आहे. पण तुम्ही मराठी बोलता. जरा थांबून आपल्याच तोंडाकडे बघा. कपड्याच्या दुकानात गेलात की विचारतात, “काय हवं होतं?” तुम्हाला तर आत्ता हवंय! ऑफिसात साहेबांच्या दारात उभं राहून आपण म्हणतो, “सर, जरा विचारायचं होतं.” कधी विचारायचं होतं, काल? भूतकाळ इथं वेळ सांगत नाही. तो मागणी जरा लांब नेऊन ठेवतो, म्हणजे समोरच्याला नकार द्यायला जागा राहते. भाजीवालीला “किती झाले?” विचारतो, ती म्हणते “ऐंशी झाले.” आधी किती होते, आणि मग त्यांचे ऐंशी कसे झाले, हे कुणी विचारत नाही. घरी आलेल्या माणसाला “चहा वगैरे घेणार का?” म्हणतो. त्या ‘वगैरे’त काय आहे? काहीच नाही, नुसती मऊ गादी आहे. ‘नो होओ’ हे जवळपास तेच काम करतं.

म्हणजे पहिले तिन्ही प्रयोग मराठीत आहेत, आणि मराठीत त्यांना चूक म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही. जपानमध्येही होक्काइदोत संध्याकाळच्या नमस्काराला ‘ओबान देशिता’ असं भूतकाळातलं रूप आहे. ते कुणाला चुकीचं वाटत नाही, कारण ते आजोबा बोलतात. रेस्टॉरंटमधला विशीतला पोरगा तसाच भूतकाळ वापरतो, तेव्हा भाषा बिघडली म्हणून ओरड होते.

विज्ञानाच्या भाषेत सांगते. प्रयोगशाळेत वाचनं जर वर-खाली, कशीही पसरत असतील तर ती यादृच्छिक त्रुटी. ती एकाच दिशेनं, दर वेळी सारखीच सरकत असतील तर तुम्ही त्रुटी म्हणून ती पुसून टाकत नाही. तुम्ही थांबता. इथं काहीतरी यंत्रणा आहे, असं समजून तिच्या मागं लागता. हजारो पोरं, एकमेकांना न ओळखणारी, एकाच जागी एकच ‘चूक’ करत असतील तर तो गोंगाट नाही, तो सिग्नल आहे. चौथ्या प्रयोगाबद्दलही ‘ठेवून घेते’ आणि ‘यातून बिलाचे घेते’ अशी दोन वाक्यं एकमेकांत मिसळली असं स्पष्टीकरण दिलं जातं. ते बरोबर असेल तर भाषा कशी बदलते याचं ते उत्तम उदाहरण आहे. फुली मारून त्यातलं काहीच कळत नाही.

माझी चूक इथलीच. पहिल्या वर्षी माझ्याकडे उपाहारगृहांतल्या संवादांचं छोटंसं संकलन होतं. मी दोन-तीन पुस्तिकांमधून ‘चुकीच्या’ प्रयोगांची यादी केली, ती संकलनात शोधली आणि तक्ता केला: कुठल्या प्रकारच्या ठिकाणी किती चुका. तक्ता देखणा झाला होता, रंगसुद्धा दिले होते. मॅडमनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं, “गिऱ्हाईक कुठं अडखळलं का? ‘म्हणजे काय?’ असं कुणी विचारलं?” परत जाऊन सगळं ऐकलं. कुणीच अडखळलं नव्हतं. मी मोजल्या होत्या त्या बोलणाऱ्यांच्या चुका नव्हत्याच; पुस्तिका लिहिणाऱ्यांची नापसंती किती ठिकाणी डोकं वर काढते, ते मी मोजलं होतं. तीन महिने गेले. असो.

आता मोठ्या नावांकडे येऊ. लिटरेचर रिव्ह्यूत ती तुम्हाला टाळता येणार नाहीत, आणि बहुतेक जण ती न वाचताच उद्धृत करतात.

पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये विनयशीलतेचा एक सार्वत्रिक सिद्धान्त मांडला, तो १९८७ मध्ये पुस्तकरूपानं आला. त्यांची मुख्य उदाहरणं इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतल्या त्सेल्ताल भाषेतली. थोडक्यात म्हणणं असं: प्रत्येकाला अब्रू जपायची असते, आपल्या पुष्कळशा बोलण्यानं समोरच्याच्या अब्रूला धक्का पोचू शकतो, आणि तो जितका मोठा तितकी आपण जास्त सभ्य युक्ती निवडतो. धक्का किती, याचं सूत्रही दिलंय: दोघांमधलं अंतर, अधिक ऐकणाऱ्याची सत्ता, अधिक त्या संस्कृतीत त्या मागणीचा बोजा. बेरीज! एकक नाही, मोजपट्टी नाही, पण अधिकची चिन्हं आहेत. गणित शिकलेल्या माणसानं इथं थोडं अस्वस्थ व्हायला हवं. ४५ अंशांचा कोन आणि हे सूत्र, दोन्ही एकाच घराण्यातले.

जपानी अभ्यासकांनी यावर जोरदार हरकत घेतली. योशिको मात्सुमोतो यांचा १९८८ चा लेख आजही वाचावा असा आहे. त्यांचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘आज शनिवार आहे’ हे वाक्य. यात कुणाच्या अब्रूला काय धोका? काहीच नाही. तरी जपानीत ते म्हणताना शेवटी ‘दा’, ‘देसु’ की ‘दे गोझाइमासु’ हे निवडावंच लागतं, आणि निवडलं की ऐकणाऱ्याशी असलेलं नातं उघड होतं. तटस्थ वाक्यच उरत नाही. म्हणजे विनय ही धक्का टाळायची युक्ती नसून आपली जागा ओळखण्याची खूण आहे. साचिको इदे यांनी १९८९ मध्ये यालाच ‘वाकिमाए’ असं नाव देऊन सिद्धान्त उभा केला: प्रसंग ओळखून समाजानं ठरवलेलं रूप वापरणं, त्यात वैयक्तिक डावपेच नाही.

पाश्चात्त्य सिद्धान्ताला आशियातून मिळालेलं हे उत्तर, म्हणून आपल्याला ते चटकन आवडतं. मलाही आवडलं होतं. पण आवडलं म्हणून प्रश्न विचारायचे सोडायचे नाहीत. डेटा कुठून आला?

मात्सुमोतोंची वाक्यं त्यांनी स्वतः रचलेली आहेत. काय शक्य आहे हे दाखवायला ती पुरेशी आहेत, पण लोक काय करतात हे त्यांतून कळत नाही. इदे यांच्या मांडणीमागं १९८६ चा एक तुलनात्मक अभ्यास आहे, त्यांनी हिल आणि इतर सहकाऱ्यांबरोबर केलेला. जपानी आणि अमेरिकी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली: अमुक माणसाकडे पेन मागायचं असेल तर यातलं कुठलं वाक्य वापराल? जपानी उत्तरं घट्ट पुंजक्यात आली, अमेरिकी उत्तरं पसरली. निष्कर्ष: जपानीत वाकिमाए प्रबळ.

आता तुम्ही रिव्ह्यूअरच्या खुर्चीत बसा. प्रश्नावलीत माणूस काय बोलतो हे नोंदलं जात नाही, आपण काय बोलू असं त्याला वाटतं ते नोंदलं जातं. आणि केइगो शाळेत शिकवली जाते, नोकरीत शिकवली जाते, तिची पुस्तकं दुकानात रांगेनं असतात. अशा देशात उत्तरं पुंजक्यात आली तर एकमत कशाबद्दल दिसलं? वागण्याबद्दल, की नियम काय आहे याबद्दल? ‘सिग्नल लाल असेल तर काय कराल?’ ही प्रश्नावली पुण्यात वाटली तरी उत्तरं पुंजक्यातच येतील. नंतर चौकात जाऊन बघा. हा अभ्यास खोटा आहे असं मी म्हणत नाही. आराखडा स्वच्छ आहे, आणि दोन समाजांत नियमाची जाणीव किती एकसारखी आहे हे त्यातून खरंच कळतं. पण ‘जपानी लोक असं बोलतात’ ही उडी त्यातून मारता येत नाही, आणि नंतरच्या कितीतरी प्रबंधांनी नेमकी तीच मारली आहे.

उडी न मारता चालत जाणारं काम बघायचं असेल तर शिगेको ओकामोतो वाचा. १९९८ चा त्यांचा लेख क्योतो आणि ओसाकातल्या विक्रेत्यांच्या बोलण्याबद्दल आहे, आणि शीर्षकातच प्रश्न आहे: आदरार्थी रूपं न वापरणारे विक्रेते उद्धट की स्नेहाळ? त्यांनी प्रत्यक्ष विक्रीचं बोलणं तपासलं. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये केइगो भरपूर. बाजारातल्या दुकानात कमी, तिथं बोलीतलं मोकळं बोलणं, आणि त्याला उद्धटपणा म्हणता येत नाही, उलट ते जवळिकीचं असू शकतं. म्हणजे गिऱ्हाईक आणि विक्रेता हे नातं तेच, देश तोच, रूपं वेगळी. सगळं समाजानंच ठरवलेलं असतं तर हा फरक कुठून आला? बोलणारा निवड करतोय. आपण मंडईत वेगळं आणि सराफाच्या पेढीवर वेगळं बोलतो, त्यात आपल्याला काही नवल वाटत नाही. जपानबद्दल मात्र आपण एकच एक भाषा गृहीत धरतो, कारण आपण जपान पुस्तिकेतून पाहिलेला असतो.

मग पुस्तिका संशोधनातून बाद करायची? मुळीच नाही. फक्त तिला योग्य खुर्चीवर बसवायचं. सिंथिया डन यांचा २०११ चा लेख याचा नमुना आहे. त्यांनी जपानमधल्या व्यावसायिक शिष्टाचाराच्या प्रशिक्षणालाच अभ्यासविषय केलं: तिथं विनय म्हणून काय शिकवतात? ठरलेली रूपं तर शिकवतातच, शिवाय नकार देण्याआधी काय म्हणावं, विनंतीच्या पुढं कोणता मऊ शब्द ठेवावा, अशा युक्त्याही शिकवतात. म्हणजे ब्राऊन-लेव्हिन्सन विरुद्ध इदे हे भांडण प्रशिक्षकाच्या फळ्यावर नाहीच, दोन्ही गोष्टी एकाच तासात येतात. इथं पुस्तिका ‘जपानी माणसाचा’ डेटा नाही, प्रशिक्षणाचा डेटा आहे. प्रश्न बदलला की तीच वस्तू पुरावा होते.

इथं थोडं विषयांतर, पण संगणकवाल्यांना आवडेल. नागासाकी प्रांतात २०१५ मध्ये ‘हेन्ना होतेरु’, म्हणजे ‘विचित्र हॉटेल’, सुरू झालं. स्वागतकक्षात यंत्रमानव. पुस्तिका शंभर टक्के पाळणारा कर्मचारी यापेक्षा कुठला? २०१९ पर्यंत तिथल्या निम्म्याहून जास्त यंत्रमानवांना निरोप दिल्याच्या बातम्या आल्या. खोलीतली एक बोलकी बाहुली म्हणे पाहुण्याच्या घोरण्याला बोलणं समजायची आणि झोपेतून उठवून पुन्हा सांगा म्हणायची. शब्द अचूक, फक्त समोरचा झोपलाय एवढंच कळत नव्हतं. वाकिमाए या शब्दाचा मूळ अर्थ ‘ओळखणं, उमज असणं’ असा आहे. तो अर्थ रूपांच्या तक्त्यात कधीच मावत नव्हता.

सरकारी दस्तऐवजांकडे वळू, कारण टीका एकतर्फी नको. १९५२ मध्ये जपानच्या राष्ट्रभाषा परिषदेनं पुढच्या काळातल्या केइगोबद्दल एक शिफारस केली. युद्धोत्तर लोकशाहीचा काळ. जुनी केइगो उच्चनीच नात्यावर उभी होती, नवी परस्पर आदरावर उभी राहावी, ती साधी असावी, असा तिचा सूर. २००७ मध्ये संस्कृती परिषदेनं ‘केइगोची मार्गदर्शक तत्त्वं’ दिली. त्यांत जुने तीन प्रकार फोडून पाच केले, आणि पुन्हा परस्पर आदरच पायाशी ठेवला. मला हा दस्तऐवज पुष्कळ आवडतो. तो पुस्तिकांसारखा फुल्या मारत सुटत नाही. ‘मॅन्युअल केइगो’बद्दल तो म्हणतो की नवख्याला तयार वाक्यांचा आधार होतो, पण तीच वाक्यं सगळीकडे सरसकट वापरणं बरं नाही. ‘सासेते इतादाकु’ या हल्ली सगळीकडे दिसणाऱ्या प्रयोगाची फोडही छान आहे: कुणाची तरी परवानगी आणि त्यातून आपल्याला मिळणारा लाभ, या दोन गोष्टी किती प्रमाणात आहेत ते बघा. दुकानाच्या दारावर ‘आज बंद ठेवण्याची मुभा घेत आहोत’ अशी पाटी असते. परवानगी कुणी दिली? कुणीच नाही. आपणही पाहुणे म्हणून उठताना ‘रजा घेतो’ म्हणतो, तेव्हा यजमान रजेचा अर्ज मंजूर करत नाही.

पण माझी तक्रार या चांगल्या दस्तऐवजाबद्दलही आहे. परस्पर आदर म्हणायचं, तर ‘परस्पर’ कुठं आहे? मघाचं ‘इराश्शाइमासे’ आठवा. उत्तराची अपेक्षा नसलेलं स्वागत. हॉटेलच्या स्वागतकक्षात एक बाजू ३० अंश वाकते, दुसरी बाजू मोबाइल बघत पासपोर्ट पुढं करते. पुस्तिकेत पाहुण्यासाठी एकही पान नसतं. गिऱ्हाईक देव आहे या अर्थाचं एक वाक्य जपानमध्ये म्हणीसारखं वापरतात. ते गायक मिनामी हारुओ यांचं. त्यांना म्हणायचं होतं ते एवढंच, की रंगमंचावर जाताना देवासमोर उभं राहावं तसं निर्मळ मनानं उभं राहायचं. कलाकारानं स्वतःला घालून घेतलेली ती शिस्त होती. पुढं ते वाक्य काउंटरच्या दुसऱ्या बाजूला गेलं आणि आरडाओरडा करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात पडलं. २०१३ मध्ये ऑलिंपिकच्या यजमानपदासाठी केलेल्या भाषणातून ‘ओमोतेनाशी’ हा शब्द जगभर गाजला, तेव्हाही कौतुक झालं ते आदरातिथ्याचं. ते करणाऱ्यांच्या कामाचे तास, पगार, पाय दुखणं त्यात कुठंच नव्हतं.

आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या परिचारिकांच्या कामाबद्दल लिहिताना पगारासाठी भावना घडवण्याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं. जपानी पुस्तिका वाचताना हा शब्द सतत आठवतो, कारण पान ७ वर कोन दिलेला असतो आणि पान ८ वर लिहिलेलं असतं की हे सगळं मनापासून हवं. कोन तरी तपासता येतो.

आता कायदाही या बाजूला सरकतोय. जपानच्या निवासव्यवसाय कायद्यातली दुरुस्ती डिसेंबर २०२३ मध्ये लागू झाली. अवाजवी मागण्या पुन्हा पुन्हा करून छळणाऱ्या पाहुण्याला खोली नाकारायची मुभा हॉटेलांना मिळाली. तोक्योनं ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध नियम केला, तो एप्रिल २०२५ पासून अमलात आहे. परस्पर आदराचं दुसरं टोक शेवटी असं, कायद्यातून लिहावं लागलं.

मैत्रिणीकडे परत येते. जपाननं २०१९ मध्ये ‘विशिष्ट कौशल्य’ नावाची व्हिसाची वाट उघडली, तिच्यात हॉटेल-निवास आणि खानपान सेवा ही क्षेत्रं आहेत. भारताशी त्याबद्दलचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. भाषेची अट साधारण एन-४ पातळीची. पुण्यात जपानी शिकलेल्यांना ‘मिन्ना नो निहोंगो’ माहीत असेल. त्याच्या पहिल्या पन्नास धड्यांत केइगो येते धडा ४९ आणि ५० मध्ये. सगळ्यात शेवटी, परीक्षा तोंडावर आलेली असताना. म्हणजे पुस्तकाचे शेवटचे दोन धडे हा हिच्या नोकरीचा पहिला दिवस. तिला पुस्तिका हवी आहे, आणि तिला हवी आहे हे योग्यच आहे. समोर पुस्तिका घेऊनच कुणी बसणार असेल तर मुलाखतीत ‘योरोशिकात्ता’ म्हणू नकोस, ‘योरोशिइ देशोओ का’ म्हण, असंच मी तिला सांगितलं. तिनं विचारलं, “आणि तिथं सगळे योरोशिकात्ता म्हणत असतील तर?”

माझ्या मते इथं एक चांगला प्रबंध दडलाय. जपानी पोरगा ‘योरोशिकात्ता’ म्हणाला तर हल्लीची पोरं, म्हणून सोडून देतील. तेच वाक्य छातीवर परदेशी नावाची पट्टी असलेली मुलगी बोलली तर? तिला जपानी येत नाही, असं तर कुणी ठरवणार नाही ना? आणि त्या भीतीनं परदेशी कर्मचारी जपानी सहकाऱ्यांपेक्षा जास्त पुस्तिकेबरहुकूम बोलत असतील का? प्रश्नावली देऊन हे कळणार नाही. परवानगी घेऊन काउंटरवरचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं लागेल, एकाच पाळीतल्या दोन्ही गटांचं, आणि मग तेच ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांना नाव बदलून ऐकवावं लागेल. कुणाला हा विषय घ्यायचा असेल तर घ्या. सुरुवात ओकामोतोंपासून करा, इदे नंतर वाचा.

आणि हो, ३० की ३५, याचं उत्तर मला अजूनही माहीत नाही. मैत्रीण आरशासमोर सराव करते, आधी बोलते, मग वाकते. कोनमापक मात्र तिनं माझ्याकडूनच नेलाय.